क्रॉस-चेन ब्लॉकचेन डेव्हलपर व्हायचंय? फी भरायच्या आधी हे वाचून घ्या

नागपूरच्या आयटी पार्कच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे, तिथे इंजिनिअरिंगची मुलं येत राहतात, कोणी व्हीएनआयटीचा, कोणी वायसीसीईचा, कोणी रामदेवबाबाचा, काही जण पाच-सात वर्षं जावावर काम करून आता दुसरं काही शोधून राहिलेत. सध्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, क्रॉस-चेन शिकलो तर नोकरी लागेल का? सोबत आलेले आईवडील वेगळंच विचारतात, हे बिटकॉइनच्या सट्ट्यातलं तर काही नाही ना? हे पत्रक दोघांसाठी आहे. आमच्याकडे शिकायचं असो की दुसरीकडे, आधी वाचा मग ठरवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. काम आहे, पण जागा कमी आणि अपेक्षा खूप. दहा चेनची नावं पाठ असलेल्या मुलाला कोणी घेत नाही. दोन चेनच्या मधे मेसेज जाताना काय काय बिघडू शकतं हे ज्याला कोडमधे दाखवता येतं त्याला घेतात, आणि अशी मुलं सगळीकडेच कमी आहेत.

हे नेमकं आहे काय

ब्लॉकचेन, म्हणजे आपल्या बोलण्यातली चेन, ही व्यवहारांची सामाईक वही, एकाच्या नाही तर बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली. अशा चेन बऱ्याच आहेत, आणि एकीवरून दुसरीवर पैसे किंवा मेसेज नेणं म्हणजे क्रॉस-चेन. इथेरियम २०१५ ला सुरू झालं, सोलाना २०२० ला, पॉलिगॉन तर आपल्याच देशातल्या मुलांनी २०१७ मधे मॅटिक नावाने सुरू केलेलं. प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि मुख्य अडचण ही की एका चेनला दुसऱ्या चेनवर काय झालं ते आपोआप दिसत नाही. मग इथेरियमवरचे पैसे सोलानावर वापरायचे असतील तर मधे ब्रिज लागतो. कळमन्याच्या गोदामात माल ठेवला की पावती मिळते आणि ती पावती पुढे हातोहात फिरते, तसंच इथे मूळ टोकन (चेनवरचं नाणं) एका बाजूला लॉक होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाचं नवीन टोकन तयार होतं. गोदामात माल नसताना पावती बनली की सगळा घोळ तिथूनच सुरू.

सगळे ब्रिज मात्र असे नसतात. सर्कल कंपनीने २०२३ मधे यूएसडीसी या डॉलरला बांधलेल्या टोकनसाठी जी पद्धत आणली तिच्यात एका चेनवरचं टोकन जाळतात आणि दुसरीकडे नवीन काढतात, लॉक करून ठेवायची भानगडच नाही. कॉसमॉस या चेनच्या जाळ्याची आयबीसी नावाची पद्धत २०२१ पासून चालू आहे, तिथे एक चेन दुसऱ्या चेनचा पुरावा स्वतः तपासते. वर्महोल नावाच्या ब्रिजमधे १९ गार्डियन, म्हणजे मेसेज तपासणारे, आहेत आणि त्यातल्या १३ जणांच्या सह्या झाल्या की मेसेज खरा धरतात. असंच चेनलिंकचं सीसीआयपी आहे, लेयरझीरो आहे, ॲक्सेलार आहे. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, पण कुठलाही ब्रिज समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की मेसेज खरा आहे हे इथे नक्की कोण ठरवतंय. हा प्रश्न ज्याला सवयीने पडायला लागला तो अर्धा डेव्हलपर झाला असं आम्ही समजतो.

माणसं का शोधून राहिलेत

२०२२ हे वर्ष बघा. फेब्रुवारीत वर्महोलवर सोलानाच्या बाजूने सही तपासणाऱ्या कोडमधे एक चूक होती, समोरून आलेलं अकाउंट खरंच सिस्टीमचं आहे का हेच ते कोड बघत नव्हतं, हल्लेखोराने खोटं अकाउंट दिलं आणि काहीही जमा न करता १ लाख २० हजार इथर (इथेरियमचं चलन) काढून घेतले, म्हणजे ३२ कोटी डॉलरच्या आसपास. मार्चमधे रोनिन ब्रिज. तिथे तर कोड फोडायची गरजच पडली नाही, व्यवहारांवर सही करणारे ९ व्हॅलिडेटर होते, त्यातल्या ५ जणांच्या सहीच्या गुप्त चाव्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम गेली, आणि हे कंपनीच्या लक्षात आलं सहा दिवसांनी.

ऑगस्टमधलं नोमॅड ब्रिजचं प्रकरण आम्ही प्रत्येक बॅचला कोड उघडून दाखवतो. मेसेजच्या गठ्ठ्याचा एक ठसा असतो, त्याला रूट म्हणतात, आणि रूट विश्वासू असेल तरच मेसेज पास होतो. एका अपग्रेडमधे विश्वासू रूट म्हणून शून्य ही किंमत टाकली गेली. आता सॉलिडिटी, म्हणजे इथेरियमवरचे प्रोग्राम (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट) लिहायची भाषा, तिच्यात मॅपिंग म्हणजे नोंदींच्या तक्त्यात जिथे काहीच लिहिलेलं नाही ते वाचलं तर शून्यच मिळतं. म्हणजे जो मेसेज कधी सिद्धच झाला नाही त्याचा रूट पण शून्य, आणि शून्य तर विश्वासू, म्हणून कुठलाही मेसेज पास! एकाने पैसे काढले, ते बघून बाकीच्यांनी तोच ट्रान्झॅक्शनचा डेटा उचलला, त्यात पत्ता फक्त आपला टाकला आणि पाठवून दिला, प्रोग्रामिंग येत असलंच पाहिजे असंही नव्हतं. १९ कोटी डॉलर गेले. एका ओळीची किंमत आहे ही, आणि ती ओळ रिव्ह्यूमधे पकडणारा माणूस कंपन्यांना पाहिजे आहे.

उलटी बाजू पण सांगायला हवी. त्याच वर्षी वर्महोलने एक मोठी चूक वेळेत दाखवून देणाऱ्या एका व्हाइट हॅटला (चोरी न करता चूक कळवणाऱ्या हॅकरला) १ कोटी डॉलर बक्षीस दिलं. असं सगळ्यांच्या नशिबात येत नाही, ते डोळ्यासमोर ठेवून कोणी शिकायला येऊ नका, पण चूक शोधण्याला काय किंमत आहे हे यातून कळतं.

काय यायला पाहिजे

सुरुवात सॉलिडिटीनेच करा, आणि ती नीट करा. फाउंड्री या टूलवर टेस्ट लिहायची सवय लावा, फझ टेस्ट (वेडेवाकडे आकडे टाकून बघणं), इनव्हेरिअंट टेस्ट (जे कधीच मोडायला नको ते मोडतं का बघणं) या गोष्टी हाताखालून गेल्या पाहिजेत. दुसरी भाषा तुम्हाला कुठे जायचं त्यावर ठरते, सोलाना असेल तर रस्ट, कॉसमॉस असेल तर गो. रिलेयर (एका चेनचा मेसेज दुसरीकडे पोचवणारा प्रोग्राम) आणि मॉनिटरिंगची बरीच कामं टाइपस्क्रिप्टमधे आणि गोमधे होतात, त्यामुळे जे बॅकएंडवाले आहेत त्यांनी आपला अनुभव वाया गेला असं अजिबात समजू नका, उलट क्यू, रीट्राय, एकच मेसेज दोनदा आला तर काय, हे ज्याने बँकेच्या नाहीतर पेमेंटच्या सिस्टीममधे हाताळलंय त्याला क्रॉस-चेन लवकर कळतं. आमच्याकडे येणाऱ्या जावावाल्यांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

मग येतात बारीक गोष्टी, ज्यांच्यावर इंटरव्ह्यू अडतो. डेसिमल, म्हणजे दशांश चिन्हानंतरचे आकडे, घ्या. इथेरियमवर यूएसडीसीला ६ डेसिमल, इथरला १८, सोलानाच्या टोकन अकाउंटमधे रक्कम ६४ बिटमधे बसवावी लागते आणि इथेरियमवर आकडा २५६ बिटचा. अठरा डेसिमलची मोठी रक्कम तशीच पलीकडे पाठवली तर मावतच नाही, म्हणून वर्महोलसारखे ब्रिज ८ डेसिमलपर्यंत कापतात, आणि ते कापलेले शेवटचे आकडे कोणाकडे राहिले हे लॉक करणाऱ्या कोडला माहीत असलं पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजूंचा हिशोब हळूहळू सुटत जातो.

दुसरी फायनॅलिटी, म्हणजे झालेला व्यवहार आता उलटणार नाही याची खात्री. इथेरियमवर ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) पक्का व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात, ऑप्टिमिस्टिक रोलअप हा इथेरियमच्या वर चालणाऱ्या चेनचा एक प्रकार, त्याच्या मूळ ब्रिजमधून पैसे परत आणायला ७ दिवस. आता विचारतात असं, तुम्ही या चेनवरचा डिपॉझिट बघून त्या चेनवर टोकन काढून दिलं आणि दोन मिनिटांनी इकडचा ब्लॉकच उलटला, आता काय करणार? उत्तर पाठ करून चालत नाही भाऊ. किती कन्फर्मेशन थांबायचं, छोट्या रकमेला वेगळा नियम ठेवायचा का, तासाला किती रक्कम बाहेर जाऊ द्यायची, ब्रिज थांबवायचं बटण कोणाच्या हातात, आणि ते बटण असणाराच चोर निघाला तर, असं ते बोलणं पुढे जातं. तिथे माणूस उघडा पडतो किंवा नोकरी पक्की होते.

सरावाला पैसे लागत नाहीत. चुका शोधायच्या सरावासाठी इथरनॉट आहे, डॅम व्हल्नरेबल डीफाय आहे, दोन्ही फुकट. इथेरियमच्या सेपोलिया टेस्टनेटवरून (खोट्या पैशांची सरावाची चेन) पॉलिगॉनच्या अमॉय टेस्टनेटवर सीसीआयपीने मेसेज पाठवायचा एक प्रोजेक्ट स्वतः करा, आणि मग तोच मेसेज दोनदा पाठवून बघा, चुकीच्या कॉन्ट्रॅक्टवरून पाठवून बघा, पलीकडे गॅस (व्यवहार चालवायची फी) कमी ठेवून बघा. हे सगळं टेस्टमधे लिहून गिटहबवर टाकलं तर सर्टिफिकेटपेक्षा शंभर टक्के जास्त उपयोगी पडतं, आमच्या सर्टिफिकेटपेक्षा पण.

नागपुरात बसून काय मिळेल

बहुतेक काम रिमोट आहे, टीम लहान, मीटिंग संध्याकाळी उशिरा नाहीतर रात्री. मिहान नाहीतर परसोडीतल्या कंपन्यांमधे खास या नावाची जागा क्वचितच निघते, त्यामुळे फक्त नागपूरच्या जाहिराती बघून राहिलात तर हाती काही लागणार नाही. आपल्या विदर्भात ब्लॉकचेनचं सरकारी काम झालंय, २०२२ मधे गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉनवर नोंदवायचं काम हाती घेतलं होतं. आईवडिलांना आम्ही हे उदाहरण देतो, की यात सट्टा नाही, दाखला खोटा निघू नये म्हणून केलेली नोंद आहे. पण ते एकाच चेनवरचं काम, तिथे ब्रिज लागत नाही, तेव्हा अशा प्रोजेक्टच्या भरवशावर क्रॉस-चेन शिकायला घेऊ नका.

आणि मागणी वरखाली होते, हे कोणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. २०२२ मधे बाजार पडला तेव्हा जूनमधे एकट्या कॉइनबेस या क्रिप्टो एक्सचेंजने ११०० च्या आसपास माणसं कमी केली, नोव्हेंबरमधे एफटीएक्स हे दुसरं एक्सचेंज बुडालं. म्हणून पहिली नोकरी लागेपर्यंत हातातली नोकरी सोडू नका, आणि बॅकएंडचं कौशल्य गंजू देऊ नका. घरचं लोन चालू असेल तर हे दोनदा वाचा.

नोकरीच्या नावाखाली येणारी फसवणूक

रोनिनची सुरुवातच, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे, एका इंजिनिअरला आलेल्या खोट्या जॉब ऑफरच्या पीडीएफने झाली होती. आता हाच प्रकार नवीन मुलांवर होऊन राहिला आहे, लिंक्डइनवर गोड बोलून टेस्ट असाइनमेंट म्हणून रेपो (कोडचं फोल्डर) पाठवतात, त्यात एनपीएम इन्स्टॉल ही कमांड चालवली की मागे मालवेअर चालू. अनोळखी रेपो नेहमी वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर उघडा, ज्या लॅपटॉपवर तुमचं वॉलेट किंवा नेटबँकिंग आहे तिथे कधीच नाही. इंटरव्ह्यूआधी डिपॉझिट मागणारा, सीड फ्रेज (वॉलेट उघडायचे गुप्त शब्द) मागणारा, तिथेच फोन ठेवा.

पगार यूएसडीसीमधे देतो म्हणाले तर ऑफर घ्यायच्या आधी सीएकडे जाऊन या. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस, आणि बाहेरच्या कंपनीचं काम बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर असतं म्हणजे पीएफ वगैरे नाही. पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण हातात किती येतो ते बघून बोला.

आम्ही काय करतो

आम्ही नोकरीची गॅरंटी देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून लेखी घ्या. पहिल्यांदा भेटायला आलात की पैसे नाही घेत, एक लहान स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं कोड देतो, त्यात चूक कुठे आहे ते तुम्ही आमच्यासमोर बसून शोधायचं, वेळेची घाई नाही. त्यावरून आम्ही स्पष्ट सांगतो की थेट क्रॉस-चेनला बसा, की आधी सहा महिने सॉलिडिटी करा, की तुमच्यासाठी बॅकएंडमधेच पुढे जाणं बरं आहे. येताना स्वतःचा लॅपटॉप आणा, आधी लिहिलेलं कुठलंही कोड आणा, जावाचं असलं तरी चालेल, आणि आईवडिलांना प्रश्न असतील तर त्यांनाही सोबत घेऊन या.