जुम्मादादा व्यायाममंदिर, वडोदरा

वडोद्याच्या दांडिया बाजार भागातील जुनी तालीम. स्थापना १८८०. संस्थापक जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी तिचा लौकिक इतका वाढवला, की शहरात तिला आजही ‘माणिकराव आखाडा’ म्हणतात.

गायकवाडी राज्यात मल्लविद्या आधी दरबारची होती. खंडेराव महाराज (कारकीर्द १८५६–७०) कुस्तीचे आणि साठमारीचे, म्हणजे हत्तीसारख्या प्राण्यांच्या झुंजींचे, भारी शौकीन. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळातही नामांकित मल्लांची पावले वडोद्याकडे वळत. गामा पहिलवानाने १९०२ मध्ये येथे उचलला असे सांगतात तो दगड सयाजीबागेतील संग्रहालयात आहे. त्याचे वजन बाराशे किलो सांगितले जाते. हा आकडा जरा जपूनच घ्यावा.

दरबारी मल्लांना खुराक राज्याकडून मिळे. तालमीत येणारी पोरे घरचेच खाऊन शाळेला किंवा नोकरीला जात. अशा मुलांना सगळ्यांना पहिलवान करता येत नाही, आणि एकेकाला कुस्तीच्या हौद्यात उतरवून शेकड्यांनी मुले तयारही होत नाहीत. माणिकरावांचे खरे काम येथे दिसते. जोर, बैठका, लाठी, लेझीम, जंबिया (वाकडा खंजीर) हे प्रकार त्यांनी मोजणीवर बसवले आणि सांघिक व्यायामाची पद्धत घडवली. त्या काळी कवायतीचे हुकूम इंग्रजीत सुटत. त्यांच्या जागी त्यांनी हिंदी आज्ञा आणल्या. एका आज्ञेसरशी सारे मैदान हलू लागले. मलखांब आणि कुस्ती सुटली नाही, पण तालीम आता मोजक्या मल्लांपुरती उरली नाही. माणिकरावांचा हाडे बसवण्यातही हातखंडा होता, त्यामुळे ज्यांनी कधी जोर काढला नाही तेही दुखरा हात घेऊन येथे येत.

क्रांतिकारक अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात वडोद्यात होते. त्यामुळे आखाड्याच्या इतिहासात क्रांतिकारकांच्या कथा हमखास येतात. त्या रंगतदार आहेत. आखाड्याचा पसारा मात्र शिष्यांनी वाढवला. छोटूभाई आणि अंबूभाई या पुराणी बंधूंनी येथली विद्या गुजरातेतील व्यायामशाळांत नेली. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. आसने रांगेत उभे राहून, आज्ञेवर करण्याची त्यांची ‘यौगिक संघ व्यायाम’ पद्धत पाहिली, की दांडिया बाजारातले मैदान आठवल्याशिवाय राहत नाही.

वडोद्यातील सार्वजनिक गणेशोत्सवाच्या जुन्या स्थानांत या तालमीची गणना होते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे गणपती बसवला तो खुद्द जुम्मादादांनी, असे सांगतात. टिळकांच्या उत्सवाचे लोण पुण्याबाहेर कसे पसरले याची चर्चा करताना हे उदाहरण सहसा कोणी घेत नाही.

या शहराच्या व्यायामपरंपरेतूनच दत्तात्रेय चिंतामण ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी संपादलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत निघाला. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड झाले. फरीगदगा (ढाल-काठीचा खेळ), बनेटी (गरगर फिरवायची काठी), दांडपट्टा यांचे हात त्याआधी बहुतेक वस्तादाच्या अंगातच होते.