हृदयाचा सीटी स्कॅन: तारीख मिळते, पण क्रिएटिनिनच्या कागदावाचून माणूस परत जातो

आत्ता छातीत दडपण आहे, दरदरून घाम आलाय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय? मग पुढचं वाचू नका. १०८ लावा, थेट कॅज्युअल्टी गाठा. अपॉइंटमेंट वगैरे बाकीच्यांसाठी.

चाचण्या दोन आहेत. पहिली कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणं. त्याला सुई नाही, डाय (रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) नाही, काही मिनिटांत संपतो. चाळिशी ओलांडलीय, त्रास काही नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही यावर डॉक्टरांचं ठरत नाही, अशांना तो उपयोगी. स्टेंट बसलेल्यांना नाही. दुसरी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन. हिच्यात डाय देतात, आणि ती मुख्यतः छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांसाठी. चिठ्ठीवर यातली नेमकी कोणती लिहिलीय ते डॉक्टरांसमोरच वाचून घ्या. नुसतं 'सीटी हार्ट' लिहिलेलं असलं की खिडकीवर वाद ठरलेला.

मुंबईत केईएम, नायर, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयात आधी केसपेपर, मग ओपीडी, मग तारीख. सगळं अडतं ते क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर. डाय किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून हा रक्ताचा रिपोर्ट लागतोच, पण तारीख देताना तो मागायचं कुणाला सुचत नाही! माणूस पहाटेची लोकल पकडून उपाशीपोटी येतो आणि तिथे कळतं. रिपोर्ट किती दिवसांपूर्वीचा चालेल हे तारीख घेतानाच विचारा आणि प्रिंट सोबत ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर तेही तेव्हाच सांगा. ती थांबवायची का, हे किडनीच्या आकड्यावर ठरतं.

दुसरी अडचण चहाची. 'उपाशी या' म्हटलं तरी स्टेशनबाहेर एक कटिंग होतेच. चहाने नाडी ८८ वर, आणि स्कॅनला हवी साठ-पासष्टच्या आसपास. मग ती उतरवायची गोळी द्यायची आणि बाकावर बसवून ठेवायचं. दमा असेल तर ही गोळी घेण्याआधी सांगा. स्कॅनच्या वेळी जिभेखाली रक्तवाहिन्या रुंदावणारं नायट्रोग्लिसरीन देतात. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर त्याने रक्तदाब धोकादायक खाली जातो. नर्स विचारेल तेव्हा बायको शेजारी असली तरी खरं सांगा.

आता पैसे. मेडिक्लेम इथेच नाकारला जातो. 'एक दिवस ॲडमिट दाखवू' हा सल्ला ऐकू नका. फक्त तपासणीसाठी भरती झालेल्याचा दावा पॉलिसीतल्या अटीनुसारच बाद होतो. पॉलिसीत ओपीडी किंवा हेल्थ चेकअपचा लाभ असेल तरच आशा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, अँजिओप्लास्टी-बायपासही आहे, पण बाहेरच्या बाहेर केलेला स्कॅन नाही. म्हणजे आजार वाढल्यावर सरकार लाखो देणार, वेळेत शोधायला मात्र खिसा तुमचा. तरी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवून घ्या. ऐन वेळी त्या एका वेलांटीसाठी घरच्यांची धावपळ होते. जुन्या करपद्धतीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावट म्हणून दाखवता येतात, रोखीने भरले तरी. पावती जपा.

रिपोर्टसोबत सीडीही मागून घ्या. स्कोअर शून्य आला तरी डॉक्टरांना दाखवाच: कॅल्शियम न साचलेली मऊ चरबी या चाचणीत दिसत नाही, आणि तरुण माणसांत नेमकी तीच असू शकते.