ध्वनिमुद्रिकांची प्रतवारी

ध्वनिमुद्रिकांची प्रतवारी : वापरलेली ग्रामोफोन तबकडी विक्रीस काढताना तिच्या खाचा, काठ, लेबल व वेष्टन तपासून तिला दर्जाचे अक्षर देण्याची रीत. मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड, फेअर आणि पुअर या पायऱ्या संग्राहकांच्या परिचयाच्या आहेत. ‘गुड’ या अक्षराची तबकडी प्रत्यक्षात बरीच झिजलेली असते, एवढे नवख्याने ध्यानात ठेवावे.

उगम : ‘मिंट’ म्हणजे टाकसाळ. टाकसाळीतून निघालेल्या, हातोहात न फिरलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक हा शब्द लावीत. त्यावरून सगळी प्रतवारीच नाण्यांकडून आली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ती जॅझ संगीताच्या ७८ फेऱ्यांच्या (मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या) तबकड्या टपालाने विकणाऱ्यांच्या याद्यांतून घडली. ब्रिटनमधील ‘व्हिंटेज जॅझ मार्ट’ हे नियतकालिक १९५३ मध्ये सुरू झाले आणि त्याची एन (न्यू), ई (एक्सलंट), व्ही (व्हेरी गुड), जी (गुड), एफ (फेअर), पी (पुअर) ही अक्षरे, अधिक-उणे चिन्हांसह, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी आजही चालतात. अमेरिकेत १९७४ मध्ये निघालेल्या ‘गोल्डमाइन’ या नियतकालिकाने विनाइलसाठी (प्लास्टिकच्या तबकड्यांसाठी) रूढ केलेल्या पायऱ्या मात्र जगभर पसरल्या. शब्द नाण्यांकडून आले हे उघड आहे. पण विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये नाण्यांसाठी मांडलेली ७० गुणांची श्रेणी तबकड्यांनी घेतली नाही. ग्राहक दूरगावी, तबकडी आधी ऐकण्याची सोय नाही, अशा व्यवहारात कानाऐवजी अक्षरावर विसंबावे लागे. त्यामुळे रचनेपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

लाख आणि विनाइल : कोल्हापुरातील जुन्या संग्रहांत हा भेद कळीचा ठरतो. सूक्ष्म खाचांची विनाइल एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) अमेरिकेत १९४८ मध्ये आली. भारतात लाखेच्या तबकड्या १९६० नंतरही काही वर्षे निघत राहिल्या. ‘लाखेची’ म्हटले तरी तीत दगडी भुकटीचाच भाग मोठा. ही भुकटी पोलादी पिनेला घासून खाचेच्या आकारात बसवी, म्हणून दर बाजूला नवी पिन लावण्याचा दंडक होता. तीच पिन पुन्हा वापरली की खाच कुरतडली जाई आणि काळी झळाळी जाऊन राखाडी छटा येई. उलट, रेषांनी भरलेली पण काळीभोर तबकडी पुष्कळदा स्वच्छ वाजते, कारण ७८ फेऱ्यांची खाच एलपीच्या खाचेहून सुमारे तिप्पट रुंद असते. विनाइलसाठी घडवलेली ‘गोल्डमाइन’ची फूटपट्टी लाखेला जशीच्या तशी लावली तर चांगल्या तबकडीवर अन्याय होतो आणि झिजलेली, पण पुसून चमकवलेली तबकडी वरच्या पायरीवर बसते. लाखेसाठी जुनी अक्षरेच योग्य.

तपासणी : तबकडी दोन्ही तळव्यांत काठाने धरून एकाच दिव्याखाली किंवा तिरप्या उन्हात कलती करावी, ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात बारीक रेषा दिसत नाहीत. नखाला जाणवणारा चरा बहुधा ऐकूही येतो. आडव्या चऱ्याचा ‘टक’ एलपीवर दर १.८ सेकंदांनी, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर दर पाऊण सेकंदाने पडतो. घड्याळ लावून मोजला म्हणजे दोष तबकडीचा की यंत्राचा, हे कळते. झीज आधी आतल्या खाचांत कळते. एलपीच्या बाहेरच्या काठाशी सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. तेवढ्यात तेच सूर दाटीने कोरलेले असतात. म्हणून बाजूचा शेवट ऐकल्याविना वरचे अक्षर देऊ नये. काठाचा टवका खाचांपर्यंत पोचला नसेल तर तो नोंदवून पुढे जावे. तडा आरपार असेल तर मात्र अक्षर काहीही असो, किंमत कोसळते.

कोल्हापूरसंदर्भ : शाहू महाराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) येथे आले. खाँसाहेबांची व्यापारी ध्वनिमुद्रिका नाही. त्यांची गायकी तबकडीवर ऐकायची तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्याच गळ्यातून. दहा इंची बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एवढ्याशा अवकाशात आवर्तन कसे भरले, समेवर कशा आल्या, हे ऐकायचे असताना पाच-सहा ठिकाणी खरखर असेल तर शिकणाऱ्याच्या हाती काय लागणार? या तबकड्यांबाबत अक्षराची प्रामाणिकता ही संगीताच्या अभ्यासाचीच बाब आहे.

येथील पावसाळा वेष्टनांना मानवत नाही. दमट कपाटात लेबलावर बुरशीचे पांढुरके ठिपके उठतात व खाचांत उतरतात. ते काढण्यास लाखेच्या तबकडीवर स्पिरिट कधीही लावू नये. लाख अल्कोहोलात विरघळते आणि एका पुसण्यात बाजू नष्ट होते. मऊ ओल्या फडक्याने, लेबल कोरडे ठेवून पुसावे. विनाइल पीव्हीसी या प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे राहिल्यास तिच्यावर धुरकट थर येतो. तो पुसून जात नाही.

किंमत व वेष्टन : ‘गोल्डमाइन’च्या रिवाजाने व्हीजी प्लस तबकडीस निअर मिंटच्या निम्मी, व्हीजीस चौथाई किंमत धरतात. वेष्टनाला वेगळे अक्षर मिळते. लेबलावर शाईने घातलेले घरधन्याचे नाव किंवा लग्नातल्या आहेराचा उल्लेख दोष म्हणूनच नोंदवतात. तरीही तो खोडू नये, कारण तबकडी कोणत्या घरातून आली याचा बहुधा तोच एक पुरावा उरतो.