ग्रॅम फसवतात, मोल नाही

२८ ग्रॅम नायट्रोजन आणि ८ ग्रॅम हायड्रोजन यांच्यापासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल? अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात अशी गणितं येतात. अनेक जण ‘हायड्रोजन कमी आहे, म्हणजे तोच आधी संपणार’ असं धरून पुढे जातात आणि उत्तर चुकतं. बेरीज-गुणाकार बरोबर असतो. चुकतं ते वजनांची तुलना करणं.

हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट किलोवर मिळतात, पण जोडताना नगच लागतात. एका बोल्टला तीन नट हवे असतील, तर कोण आधी संपेल हे पिशव्यांच्या वजनावरून सांगता येत नाही. रेणूंचंही तसंच आहे. फक्त त्यांचे नग इतके बारीक की एकेक मोजणं अशक्य, म्हणून आपण मोलमध्ये मोजतो. २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण.

आता गणित पुन्हा करू. समीकरण सांगतं की नायट्रोजनच्या १ रेणूला हायड्रोजनचे ३ रेणू लागतात आणि अमोनियाचे २ रेणू होतात. नायट्रोजन वायूचं मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन ग्रॅममध्ये) २८, म्हणून २८ ग्रॅम म्हणजे १ मोल. हायड्रोजन वायूचं २, म्हणून ८ ग्रॅम म्हणजे ४ मोल. (इथे १४ किंवा १ ने भागणं ही नेहमीची चूक. ती अणूंची वस्तुमानं आहेत आणि हे वायू रेणूंच्या रूपात असतात.) १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन पुरतो. तेव्हा नायट्रोजनच आधी संपतो, २ मोल म्हणजे ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो आणि १ मोल, म्हणजे २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. पडताळा लगेच घ्या: सुरुवातीला २८ + ८ = ३६, शेवटी ३४ + २ = ३६. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे, तो कधीही गाळू नये.

मग ‘ज्याचे मोल कमी तो आधी संपतो’ असा नियम करावा का? तोही चुकेल. हायड्रोजन ८ ऐवजी ४ ग्रॅम घ्या. आता नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन २ मोल. हायड्रोजनचे मोल जास्त असूनही तोच आधी संपतो, कारण १ मोल नायट्रोजनला त्याचे ३ मोल हवे होते. म्हणून प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने (सूत्रापुढच्या आकड्याने) भागायचे: १ ÷ १ = १ आणि २ ÷ ३ = ०.६७. लहान आकडा ज्याचा, तो आधी संपणार. अमोनिया मिळेल २२.६७ ग्रॅम, नायट्रोजन उरेल ९.३३ ग्रॅम; बेरीज ३२, जुळते.

समीकरण संतुलित नसेल तर अर्थात हे सगळं वाया जातं. संतुलन करताना फक्त सूत्राच्या पुढचा सहगुणक बदलायचा. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनला पादांक २ दिला की अणू जुळलेले दिसतात, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

एक मोल वायूचं आकारमान म्हणून दिला जाणारा २२.४ लिटर हा आकडाही जपून वापरा. तो फक्त वायूंसाठी, ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला लागू होतो. दाब १ बार दिला असेल तर २२.७ घ्या. १८ ग्रॅम पाण्याला तो लावणं तर साफ चूक: तेवढं द्रव पाणी जेमतेम १८ मिलिलिटर जागा घेतं.

प्रयोगशाळेत हीच चूक वेगळ्या रूपात भेटते. ०.१ मोलर (एक लिटर द्रावणात ०.१ मोल) ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिलिलिटर द्रावण करायचं आहे, म्हणजे ०.०२५ मोल आम्ल हवं. नुसत्या आम्लाचं मोलर वस्तुमान ९०, पण बाटलीतल्या स्फटिकांत प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून १२६ धरायचं. वजन करायचं ३.१५ ग्रॅम. ९० धरून २.२५ ग्रॅम घेतलंत तर द्रावण ०.०७१ मोलरच होईल. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय आकडेमोड सुरू करू नका.

हे स्फटिक बीकरमध्ये सुमारे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, नरसाळ्यातून २५० मिलिलिटरच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोन-तीनदा थोड्या पाण्याने विसळून तेही त्यातच घाला, मग खुणेपर्यंत पाणी भरा. शेवटचे थेंब ड्रॉपरने. पाण्याच्या वक्राचा तळ डोळ्यांच्या पातळीवर खुणेला टेकला पाहिजे. बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटा करा. २५० मिलिलिटर पाणी मोजून त्यात आम्ल टाकणं ही पद्धत चालत नाही. मोलॅरिटी एकूण द्रावणाच्या आकारमानावर ठरते.

या द्रावणाने कॉस्टिक सोड्याची तीव्रता काढतात, कारण सोडा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याच्या वजनावर विसंबता येत नाही. समजा १० मिलिलिटर आम्लाला २०.० मिलिलिटर सोडा लागला. विरलनाचं सूत्र (आधीची मोलॅरिटी × आकारमान = नंतरची मोलॅरिटी × आकारमान) इथेही लावलं की सोडा ०.०५ मोलर निघतो, आणि तो चूक आहे. आम्ल १ मिलिमोल आहे, त्याच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणजे २ मिलिमोल सोडा २० मिलिलिटरमध्ये होता: ०.१ मोलर.