मेसोसिस्टीम की एक्झोसिस्टीम? मूल तिथं असतं का ते बघा

सकाळच्या शाळेत तिसरीतला एक मुलगा पहिल्या तासालाच पेंगायचा. आईला बोलावून मी चार शब्द सुनावले. ती म्हणाली, "बाई, त्याचा बाप शिरोलीत फौंड्रीला हाय. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला बारा वाजत्यात. पोरगं कडी वाजेस्तोवर जागंच असतंय."

मला लाज वाटली. मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ साली पुस्तकात मांडलेली, मुलाच्या वाढीवर परिणाम करणारी त्याच्याभोवतीची वर्तुळं मी डी.एड.ला घोकली होती. सूक्ष्म, मध्य, बाह्य, बृहत्. काळाचं वर्तुळ त्यांनी पुढं जोडलं. त्यातली मध्य म्हणजे मेसो आणि बाह्य म्हणजे एक्झो ही दोन पेपरात चुकतात, तशी वर्गातही.

मूल ज्या दोन ठिकाणी स्वतः वावरतं, त्या ठिकाणांचं आपसातलं नातं म्हणजे मेसोसिस्टीम. नुसतं घर किंवा नुसती तालीम हे सूक्ष्म वर्तुळ. घर आणि शाळा एकमेकांशी बोलतात का, घरचे आणि वस्ताद एकच सांगतात का, हे मेसो.

एक्झोसिस्टीममध्ये मुलाचं पाऊलही पडत नाही, तरी तिथं ठरलेलं त्याच्या अंथरुणापर्यंत येतं. बाप सूक्ष्म वर्तुळातला, पण त्याच्या शिफ्टचा तक्ता एक्झोतला. आपल्याकडचं मोठं उदाहरण १९१७ सालचं. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. निर्णय दरबारात झाला, पोरं होती रानात, गुरांमागं. त्यांचा दिवस बदलला.

मी कारखान्यातल्या तक्त्याचा जाब आईला विचारत होते. शिफ्ट माझ्या हातात नव्हती. घर आणि शाळा यांतलं बोलणं होतं. आणि तिथं मी बापाला कधी बोलावलंच नव्हतं.

ते आले. नखांत काजळी बसलेली, हात मागं धरून दारातच उभे. बोलता बोलता ठरलं, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पोराला शाळेत तेच सोडणार. "झोपमोड हुंदे," म्हणाले. बाप सकाळी भेटणार म्हटल्यावर पोरगं रात्री साडेनऊला झोपायला लागलं.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मात्र अजून अडतं. बाप घरी पोचतो तोवर पोरगं वर्गात बसलेलं असतं.