एक कोटी फेऱ्यांचं कुलूप

२५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत तळमजल्यांमध्ये शिरलं. त्या पाण्यात एक आयफोन गेला. ज्यांचा फोन, ते काका चार महिन्यांपूर्वीच वारले होते. काकूंनी तो खणात जपून ठेवला होता. दुरुस्तीवाल्यानं आतला बोर्ड पाहिला आणि हात टेकले. काकांचा लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यात फोनचा बॅकअप होता, पण उघडायला गेलं की तो पासवर्ड मागायचा. काकूंना त्यातली एकच गोष्ट हवी होती: काकांनी फोनवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज.

डिजिटल फोरेन्सिक, म्हणजे फोन-संगणकातली माहिती पुरावा म्हणून शोधून काढणं, हे माझं रोजचं काम. त्यात पहिला नियम असा की मूळ वस्तूला हात लावायचा नाही. लॅपटॉपची डिस्क काढून ‘राइट ब्लॉकर’ला जोडली. या डबीतून माहिती वाचता येते, पण डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. मग डिस्कची तंतोतंत नक्कल घेतली आणि दोन्हींचा हॅश काढला. हॅश म्हणजे डेटाचा अंगठ्याचा ठसा. लाखो फाइलींत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. कोर्टाच्या कामात याच आकड्यावर सगळं उभं असतं. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं की मूळ उपकरण हजर करता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये तर प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायला जागा आहे. काकूंचं काम घरगुती होतं. तरी वारसांची लेखी संमती घेतली आणि हॅश वहीत उतरवला, कारण हात एकदा ढिला पडला की ती सवयच होते.

नक्कल उघडली तर आत २५६ फोल्डर, आणि त्यांत चाळीस-चाळीस चिन्हांच्या नावांच्या हजारो फाइली. नावं वेडीवाकडी दिसतात, पण ती मनाला येईल तशी दिलेली नसतात. फोनमध्ये फाइल कुठे होती त्या पत्त्याचा ‘शा-१’ पद्धतीनं काढलेला हॅश हेच तिचं इथलं नाव. म्हणून एसएमएसची फाइल कुठल्याही आयफोनच्या बॅकअपमध्ये ३डी०डी७ई५एफ अशीच सुरू होते. काकांचीही तिथेच सापडली. म्हणजे संदेश कुठे आहेत हे मला बोट ठेवून दाखवता येत होतं, पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

यामागची रचना समजायला पुण्यातला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाड्यातल्या प्रत्येक पेटीला वेगळं कुलूप आहे. पेट्यांच्या किल्ल्या प्रकारवारीनं मोठ्या किल्ल्यांखाली बंद आहेत. त्या मोठ्या किल्ल्यांचा जुडगा एका तिजोरीत आहे, आणि तिजोरीची किल्ली पासवर्डातून घडते. प्रत्येक फाइल स्वतंत्र किल्लीनं ‘एईएस’ पद्धतीनं कुलूपबंद असते. ते कुलूप थेट फोडण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण तेवढं बळ कुठल्याच संगणकात नाही. कमकुवत जागा एकच, ती म्हणजे माणसानं निवडलेला पासवर्ड. जुडग्याच्या गुंडाळणीत एक ठरलेली खूण असते. अंदाजानं घडवलेल्या किल्लीनं गुंडाळणी सोडवली आणि ती खूण जशीच्या तशी निघाली, की अंदाज बरोबर.

पासवर्डातून किल्ली घडवताना तो मुद्दाम पुनःपुन्हा दळला जातो. जुन्या आयफोनांत हे दळण १०,००० फेऱ्यांचं होतं. साध्या संगणकावर सेकंदाला सुमारे २,४०० पासवर्ड तपासून व्हायचे. २०१६च्या सप्टेंबरात आयओएस १० (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली) आलं आणि पासवर्ड शोधायची साधनं बनवणाऱ्या एल्कमसॉफ्ट कंपनीच्या लोकांना त्यात एक उघडं राहिलेलं बाजूचं दार दिसलं. पासवर्ड एकाच फेरीत पडताळता येईल अशी दुसरी सोय बॅकअपमध्ये राहून गेली होती. त्याच साध्या संगणकाचा वेग सेकंदाला ६० लाखांवर गेला. इंग्रजी छोट्या लिपीतल्या सहा अक्षरांचे सगळे पासवर्ड मिळून ३० कोटी ८९ लाख होतात. आधी ते संपवायला दीड दिवस लागायचा, आता एक मिनिटही लागेना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयओएस १०.२ आलं आणि फेऱ्या झाल्या एक कोटी. तेव्हापासून दमदार ग्राफिक्स कार्डही सेकंदाला शेकड्यांतच अंदाज तपासतं. हिशेबाला शंभर धरू. मग सहा अक्षरांना छत्तीस दिवस आणि आठ अक्षरांना ६६ वर्षं. मालकाला एकदाच क्षणभर थांबावं लागतं, चोराला मात्र प्रत्येक अंदाजाला तीच किंमत मोजावी लागते. माझं काम यामुळे अवघड झालं, तरी हा निर्णय मला मनापासून पटतो. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधलं आपलं आयुष्य याच फेऱ्यांमुळे झाकलेलं राहतं.

काकांचा फोन जिवंत असता तर वेगळी वाट होती. २०१७च्या आयओएस ११पासून, फोनचा पासकोड माहीत असेल तर सेटिंग्ज रीसेट करून बॅकअपचा पासवर्ड काढून टाकता येतो आणि नवा बॅकअप घेता येतो. एरवी आम्ही नवा बॅकअप घेताना स्वतःच त्याला पासवर्ड लावतो. ऐकायला उलटं वाटेल, पण पासवर्ड असलेल्या बॅकअपमध्ये आरोग्याच्या नोंदी येतात, वाचता येतील असे साठवलेले पासवर्ड येतात. बिनपासवर्डाच्या बॅकअपमधून हे मिळत नाही. व्हॉट्सअॅपनं २०२१मध्ये आणलेला एंड-टू-एंड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणारा, बॅकअप असता तर गोष्ट आणखी बिकट. त्या वेळी तिथे ६४ अंकी किल्ली असायची, नाहीतर पासवर्ड असायचा. पासवर्डामागची किल्ली कंपनीकडच्या खास सुरक्षित यंत्रात राहते, आणि थोडेच प्रयत्न चुकले की ती कायमची बंद होते. काकांचा बॅकअप माझ्यासमोर डिस्कवर होता, हवे तितके अंदाज करायची मुभा होती. अडचण होती ती वेळेची.

अशा वेळी इंग्रजी शब्दकोश लावून उपयोग नसतो. पुण्यातला माणूस पासवर्ड ठेवतो कुलदैवताचा, नातीचा, गावाचा, आणि पुढे जोडतो गाडीचा नंबर नाहीतर जन्मसाल. शिवाय मराठी शब्द रोमन लिपीत प्रत्येक जण आपल्या मर्जीनं लिहितो. ‘श्री’तला शेवटचा स्वर कुणी एका अक्षरानं लिहितो, कुणी दोन. काकांनी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पाहिले. सगळ्यांचा घाट एकच होता: एक शब्द आणि त्यापुढे चार आकडे. मग काकूंना चहा देऊन बसवलं आणि साठ शब्द लिहून घेतले. प्रत्येकाची चार रूपं धरली, पुढे ०००० ते ९९९९, म्हणजे चोवीस लाख अंदाज. पावणेसात तासांचं काम. रात्री लावून घरी गेलो, सकाळी येऊन पाहिलं तर काहीच लागलं नव्हतं.

त्या दिवशी काकूंबरोबर त्यांचे भाऊ आले होते. निघताना त्यांनी दारातून हाक मारली, “अगं, पर्स राहिली तुझी!” आणि हाकेत एक नाव घेतलं. ते वहीत नव्हतं.

“हे नाव कुणाचं?” मी विचारलं.

“माझंच,” काकू म्हणाल्या. “माहेरचं. लग्नात बदललं ना. आता दादा सोडून कुणी त्या नावानं हाक मारत नाही.”

“काका मारायचे?”

त्या जरा थांबल्या. “चिडवायचं असलं की.”

चार रूपं, दहा-दहा हजार आकडे. चाळीस हजार अंदाजांना सात मिनिटंही लागत नाहीत. तिसऱ्या मिनिटाला खूण जुळली. पुढचे आकडे त्यांच्या पहिल्या स्कूटरचे निघाले.

नकलेचा हॅश पुन्हा काढून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला, जुळला. मग व्हॉइस मेमोच्या फाइली वेगळ्या केल्या. एकूण एकेचाळीस होत्या. पहिली लावली तर काका भाजीची यादी सांगत होते, मागे कुकरची शिट्टी. काकूंनी ती दोनदा ऐकली. पेनड्राइव्ह घेताना त्यांनी विचारलं, “नव्या फोनच्या बॅकअपला पासवर्ड ठेवायचाच ना?”

“ठेवाच,” मी म्हणालो.

“मग हाच ठेवते,” त्या म्हणाल्या, आणि पेनड्राइव्ह पर्समधल्या छोट्या कप्प्यात घालून चेन ओढली.