भराव बसतो, कोळीवाडा खोलात जातो

जाकार्ताच्या किनाऱ्यावरची मच्छीमार वस्ती खचते आहे, ती मुख्यतः शहराने जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे. नवी मुंबईचं दुखणं वेगळं आहे. इथे खाजणावर भराव पडतो आणि खालचा चिखल त्या ओझ्याने बसतो.

ठाणे खाडीच्या काठी मुरुमाखाली काळसर, मऊ चिकणमाती आहे; कुठे दोन-तीन मीटर, कुठे दहा मीटरपेक्षाही खोल. तिच्यात कोरड्या मातीच्या वजनाइतकं पाणी असणं नवलाचं नाही. तिच्यावर दोन मीटर मुरूम टाकला की दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास ओझं येतं. सुरुवातीला हा भार मातीचे कण पेलत नाहीत, कणांमधलं पाणी पेलतं. दाबाखालचं ते पाणी हळूहळू निसटतं, कण जवळ येतात आणि जमीन बसते. आठ मीटर जाडीच्या मऊ थराचं गणित मांडलं तर ही बसण सुमारे एक मीटर भरते. म्हणजे टाकलेल्या भरावाची निम्मी उंची गेली.

किती गेली याहून मोठा प्रश्न, किती दिवसांत गेली. पाण्याची निघण्याची वाट दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. खाली कातळ आणि वाट फक्त वरून, अशा आठ मीटर थराला बसायला चाळीस-पन्नास वर्षंही लागू शकतात. म्हणून चिखलात मीटर-सव्वा मीटर अंतराने प्लास्टिकच्या चपट्या निचरापट्ट्या उभ्या खोचतात आणि वर जादा भराव रचतात. पाण्याला आडवी, आखूड वाट मिळते आणि तेच काम काही महिन्यांत किंवा वर्षभरात उरकतं. जमिनीत लोखंडी पाट्या पुरून ती किती बसली हे मोजत राहायचं आणि आकडा जवळजवळ थांबल्याशिवाय जादा भराव हलवायचा नाही. घाई होते ती नेमकी इथेच. मग खांबांच्या पायावर उभी इमारत जागची हलत नाही, पण भोवतालचा फुटपाथ खाली जातो, गेटपाशी पायरी तयार होते आणि मलवाहिनी भिंतीला लागूनच तुटते.

आता कोळीवाडा. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, घणसोली ही गावठाणं शहराच्या आधीची. जुन्या माणसांनी घरं बहुधा चिखल सोडून टणक, उंच कडेला बांधली, त्यामुळे सगळं गाव खचतं असं म्हणणं बरोबर नाही. शेजारचा सेक्टर भराव घालून उंच केला की गाव आपोआप वाटीच्या तळाशी येतं. गटाराचा उतार उलटा होतो, आणि उधाणाच्या भरतीला पाऊस गाठला तर पाणी खाडीकडे न जाता ओटीवर येतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे डच पद्धतीचे धारण तलाव याचसाठी बांधले: भरतीला झडपा मिटायच्या, ओहोटीला उघडायच्या. तलावात गाळ साचून तिवरं उगवली की साठवण घटते, आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढायलाही न्यायालयाची परवानगी लागते.

भरावाला लागून असलेल्या घरांवर मात्र खचण्याची ओढ येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड निघते. तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. तडीत नुसतं प्लास्टर भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मासेमारीचा घास भराव दुसऱ्या बाजूने घेतो. जड भराव चिखलाला खाडीकडे रेटतो आणि तिथला तळ वर उचलला जातो. खाडीचं तोंड अरुंद झालं की प्रवाह मंदावतो, गाळ तिथेच बसतो. ओहोटीला होडी रुतते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून कामाची वेळही तिच्यामागे धावते. निवटी, चिंबोरी, कालवं मिळतात ती चिखलपट्टीत आणि खडपात, नेमकी तीच जागा भरावाखाली जाते.

आणि याची भरपाई? शहरासाठी जमीन गेलेल्यांना सिडकोकडून मिळणारा साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड संपादित जमिनीच्या प्रमाणात मिळतो, आणि खाडी कुणाच्याही सातबाऱ्यावर नसते. ज्याची रोजी फक्त पाण्यावर, त्याचं नुकसान या हिशेबात बसतच नाही. हे सरळसरळ अन्यायाचं आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतल्या १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायचा आदेश दिला, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदराच्या भरावाने भरतीचं पाणी आणि होड्यांची वाट अडली हा मुद्दा ग्राह्य धरला गेला.

असा दावा आकड्यांवर उभा राहतो. जेट्टीच्या पक्क्या खांबावर रंगाने खूण करून दर पुनवेला आणि अमावास्येला पाणी कुठवर चढलं, ओहोटीला होडीखाली किती पाणी उरलं, हे भरतीच्या वेळापत्रकासोबत वहीत लिहावं. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी काढतो, तशी दरवर्षी पावसाळ्याआधी आपल्या जोत्याची आणि समोरच्या रस्त्याची उंची मोजून ठेवावी. खूण भरावावरच्या खांबावर करू नये, कारण तो खांबच खाली जात असतो. गावातलं जुनं देऊळ किंवा कातळ धरावा.